भोक कोणी पाडलं?



आज तुम्हांला एक कोडं घालते. कोडं तसं छोटंसं आहे, चिंचोक्याएवढंच! पण त्या कोड्यापायी माझ्या वर्गात एकदा चांगलंच भांडण झालं, एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटी मला सगळ्या वर्गासमोर ‘चुकलं माझं’ असं म्हणावं लागलं. तर ऐका.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आमचे दोन्ही जिल्हे जंगलाचे. साग, बांबू, मोह, तेंदू, ऐन, पळस... नावं घ्यावी तेवढी थोडीच. आणि गावात शिरलं, की चिंचेचं एखादं तरी थोराड झाड दिसणारच. फाल्गुनात चिंचा पिकल्या, की झाडाखाली मुलांची झुंबड उडते. घरोघरी आया-आज्या ओसरीवर बसून चिंचा फोडतात. टरफलं एकीकडे, गर एकीकडे आणि चिंचोक्यांचा ढीग एकीकडे. गर बाजारात विकायचा. चिंचोक्यांनाही गिऱ्हाईक असतं बरं का! त्यांच्या पिठाची खळ कापडाच्या गिरण्यांमध्ये सुताला लावतात. उरलेले चिंचोके कोणाचे? अर्थात तुमचे! चिंचोका मधोमध फोडला, की एक बाजू तपकिरी आणि एक बाजू पांढरी. झाले फासे तयार!

एका वर्षी मार्च महिन्यात आम्ही ठरवलं, की पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी चिंचेची झाडं लावायची. रोपं विकत आणायची नाहीत, आपणच तयार करायची. मुलांनी चिंचोके आणायचे आणि पाचवीतल्या एका मुलीनं ते निवडायचे. तिचं खरं नाव नाही सांगत. आपण तिला चिमणी म्हणू. चिमणी मोठी काटेकोर. दोन दिवस मधल्या सुट्टीत बसून तिनं एकेक चिंचोका हातात घेऊन पाहिला. किडका दिसला, की दिला फेकून. पिशवी माझ्या हातात देताना ऐटीत म्हणाली, “मॅडम, भोकाचा एकबी नाही याच्यात!”

मी पिशवीचं तोंड करकचून बांधलं आणि ती शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवून दिली. मग परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची सुट्टी लागली. आमच्या विदर्भात ऊन असं काही तापतं, की शाळा उघडायला जूनची अखेर होते. शाळा उघडली, पाऊस पडला, मुलांनी पिशव्यांमध्ये माती भरली आणि मी कपाटातून चिंचोके काढले.

पिशवी सोडली आणि पाहते तो काय! आत पिठासारखा भुगा. निम्म्याहून जास्त चिंचोक्यांना भोकं. भोकंही कशी? गोल गरगरीत, जणू सुताराच्या गिरमिटानं पाडलेली. आणि त्या ढिगातून चार-दोन तपकिरी किडे तुरुतुरु धावत सुटले.

झालं! मुलं चिमणीवर तुटून पडली. “हिनं निवडलेच नाही!” “किडकेच भरून ठेवले!” मीसुद्धा म्हणाले, “बाळ, काम अंगावर घेतलं, की नीट करावं.” चिमणीचा चेहरा एवढासा झाला. ती म्हणाली, “मॅडम, आईशप्पथ, सारे साबूत होते जी!” पण तिचं ऐकतो कोण? भोक तर डोळ्यांसमोर होतं ना!

चिमणीची बरणी

दुसऱ्या दिवशी चिमणी घरून मूठभर चिंचोके घेऊन आली. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “मॅडम, पाहा. याले कुठी भोक हाये का?”

मी पाहिलं, सगळ्या मुलांनी पाहिलं. एकालाही भोक नव्हतं. चिमणीनं ते स्वच्छ काचेच्या बरणीत टाकले. बरणीच्या तोंडाला पातळ कापड ताणून बांधलं आणि वरून दोऱ्याचे चार वेढे दिले. मुंगीसुद्धा आत जाणार नाही असा बंदोबस्त! बरणी खिडकीत ठेवली. तिचं पाहून एका मुलानं घरचे हरभरे आणले. ते दुसऱ्या बरणीत गेले. फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही एक तक्ता काढला. रोज प्रार्थना झाली, की दोघांनी जाऊन भोकं मोजायची.

पहिला आठवडा काहीच नाही. मुलं कंटाळली. अकराव्या दिवशी मात्र खिडकीशी एकच गलका झाला. “पडलं! पडलं! भोक पडलं!” चिंचोक्यांच्या बरणीत एक नवं कोरं भोक होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. हरभऱ्याच्या बरणीत तर एका दाण्यातून किडा अर्धा बाहेर आला होता आणि खिडकीतून डोकवावं तसा डोकावत होता.

बरणीचं कापड जसंच्या तसं. बाहेरून कोणी आत गेलेलं नाही. मग भोक पाडलं कोणी?

ओळखलंत ना? भोक बाहेरून पडलंच नव्हतं. ते आतून पडलं होतं! बियांमधलं ते भोक म्हणजे किड्याचं आत शिरायचं दार नव्हे, ते बाहेर पडायचं दार. चिमणीनं मार्चमध्ये निवडले तेव्हा ते चिंचोके खरोखरच साबूत दिसत होते. चोर मात्र तेव्हाच आत बसलेला होता.

मी चिमणीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलं माझं. तू बरोबर होतीस.” चिमणी लाजली. पण त्या दिवसापासून बरणीची राखणदार तीच!

आत गेला तरी कसा?

आता तुम्ही म्हणाल, “बाई, पण मुळात तो आत गेला कसा?” शाबास! हाच खरा प्रश्न.

आधी हरभऱ्यातल्या किड्याचं पाहू. कारण तो तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातलाच आहे. तूर, मूग, चवळी, हरभरा, आमच्या धानाच्या बांधीत होणारी लाखोळी, सगळी कडधान्यं त्याला चालतात. शेतीच्या पुस्तकात त्याला ‘कडधान्यातील भुंगेरा’ म्हणतात. आकार म्हणाल, तर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. रंग तपकिरी, अंगावर गडद-फिके ठिपके. हात लावला, की पाय पोटाशी घेतो आणि मेल्याचं सोंग करून पडून राहतो. नाटक्या कुठला!

याची मादी दाण्यावर अंडं घालते आणि ते चिकटवून टाकते. एक मादी साधारण ऐंशी-शंभर अंडी घालू शकते. अंडं पाहायचंय? तुरीच्या किंवा मुगाच्या दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसला, की समजा, ते अंडं. नखानं खरवडल्याशिवाय निघत नाही. चार-पाच दिवसांनी अंड्यातून अळी निघते. पण गंमत बघा हं. ती अंड्याच्या वरच्या बाजूनं बाहेर येतच नाही. अंड्याच्या तळातूनच ती दाण्याची साल पोखरते आणि थेट आत उतरते. तिचं आत जायचं भोक सुईच्या टोकापेक्षाही बारीक असतं आणि त्यावर अंड्याच्या टरफलाचं झाकण असतं. मग ते आपल्याला कसं दिसणार?

आत गेल्यावर काय, मजाच मजा! घरही तेच आणि जेवणही तेच. अळी दाणा खात खात चार वेळा कात टाकते, कोशात जाते आणि किडा बनते. कोशात जाण्याआधी ती एक हुशारी करते. दाण्याच्या सालीपर्यंत पोखरत येते आणि तिथे पातळ पापुद्रा शिल्लक ठेवते. बाहेरून दाण्यावर गोल काळसर डाग दिसतो. ही झाली खिडकी. किडा तयार झाला, की तो पापुद्रा गोल कापतो, झाकण ढकलतो आणि आला बाहेर!

उन्हाळ्यात हे सगळं पंचवीस ते तीस दिवसांत पुरं होतं. बाहेर आलेला किडा जेमतेम दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात त्यानं काही खाल्लं नाही तरी त्याचं अडत नाही. लहानपणी खाल्लेल्या शिदोरीवर त्याचं आयुष्य निघतं. तो जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता करा हिशेब! एका मादीची पन्नास पिल्लं जगली आणि त्यांत पंचवीस माद्या असल्या, तर दुसऱ्या पिढीत किती? तिसऱ्या पिढीत किती? वहीत मांडून पाहा. म्हणजे डाळीचा डबा दोन महिन्यांत कसा ‘चालायला’ लागतो ते कळेल.

आणखी एक नवल सांगते. चवळीवर येणारी याची एक जात आहे. डब्यात दाणे भरपूर असतील, तर तिचे किडे सुस्त असतात, फारसे उडत नाहीत. पण डब्यात गर्दी वाढली, उकाडा वाढला, की पुढच्या पिढीत वेगळेच किडे निपजतात. हे चांगले उडणारे! जणू घरात जागा पुरेना, म्हणून थोरल्यांनी धाकट्यांना पंख देऊन दुसऱ्या गावी पाठवावं.

चिंचेचा भुंगेरा

चिंचोक्यातला किडा याचाच चुलतभाऊ, पण अंगानं थोराड. तांदळाच्या दाण्याएवढा लांब, तांबूस तपकिरी, अंगावर काळपट ठिपके. त्याच्या मागच्या मांड्या पाहाल, तर हसू येईल. पैलवानासारख्या जाडजूड! मांडीच्या खालच्या कडेला कंगव्यासारखी काट्यांची ओळ. भिंग असेल तर नक्की पाहा. शास्त्रज्ञ त्याला ‘कॅरिडॉन सेराटस’ म्हणतात. सेराटस म्हणजे करवतीसारखे दाते असलेला.

याची रीत थोडी निराळी. याची अळी चिंचोक्यात पोट भरून मोठी झाली, की पुष्कळदा किडा होण्याची वाट न पाहता स्वतःच भोक पाडून बाहेर येते. मग चिंचोक्याला नाहीतर टरफलाला चिकटून ती स्वतःभोवती पांढुरका, कागदासारखा पातळ कोश विणते आणि त्यात झोपी जाते. आमच्या पिशवीच्या शिवणीत असे कितीतरी कोश सापडले. आधी मुलांना वाटलं, कापसाचे तुकडे आहेत. चिमणीनं एक फोडून पाहिला, तेव्हा आत किडा!

हा चिंचेचा भुंगेरा भुईमुगाच्या शेंगाही पोखरतो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्याकडे आला आणि चिंचेवर जगणाऱ्या या किड्याला जेवणाचं आणखी एक ताट मिळालं. म्हणून चिंचा आणि भुईमुगाच्या शेंगा एकाच खोलीत शेजारी-शेजारी साठवू नयेत.

सोंड नसलेला सोंड्या

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारील, “म्हणजे हे तांदळातले सोंडेच ना?” नाही बरं! तांदळातल्या सोंड्याला पुढे लांब सोंड असते. त्याची मादी त्या सोंडेनं दाण्याला बारीक खड्डा पाडते, त्यात अंडं घालते आणि चिकट लुकण लावून खड्डा बुजवून टाकते. म्हणून तिचंही भोक आपल्याला दिसत नाही. आंब्याच्या कोयीत कधी कधी काळा भुंगा निघतो ना, तोही सोंडवालाच. आपल्या भुंगेऱ्याला मात्र सोंड नाही. तो पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला.

पण ही गल्लत तुमची एकट्याची नाही हं! स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनिअस यानं १७५८ साली कडधान्यातल्या भुंगेऱ्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्यालाही त्यानं सोंड्यांच्याच गटात बसवलं होतं. पुढे चूक दुरुस्त झाली, पण इंग्रजीत या किड्यांना अजूनही ‘सीड वीव्हिल’, म्हणजे बियांतले सोंडे, असं म्हणतात. मोठ्यांच्या चुकाही अशा चिवट असतात.

याच लिनिअसचा एक शिष्य होता, पेहर काल्म. झाडंझुडपं अभ्यासायला तो १७४८ साली उत्तर अमेरिकेत गेला. तिथे त्याला दिसलं, की एका भुंगेऱ्यानं वाटाण्याचा असा फडशा पाडलाय, की काही भागांत लोकांनी वाटाणा लावणंच सोडून दिलंय. १७५१ साली तो मायदेशी परतला. मित्रांना भेट म्हणून त्यानं अमेरिकेहून थोडे वाटाणे आणले होते. घेतले तेव्हा ते चांगले दिसत होते. घरी येऊन पुडी उघडतो, तर दाणे पोकळ आणि प्रत्येकातून एकेक भुंगेरा डोकावतोय! काल्म इतका घाबरला, की साप पाहूनही घाबरला नसता. आपल्या हातून हे संकट देशात पसरलं तर? त्यानं झटकन पुडी बंद केली.

पाहा बरं, काल्म एवढा शिकलेला माणूस, पण त्याची आणि आमच्या चिमणीची गोष्ट एकच! दोघांनीही चांगले दाणे पाहून घेतले आणि दोघांच्याही पुडीत आतून भोकं पडली. आणि ज्या मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांविषयी तुम्ही वरच्या वर्गात शिकाल, त्यालाही या वाटाण्याच्या भुंगेऱ्यानं सतावलं होतं.

काल्मची भीती खोटी नव्हती. बी ज्या गावाला जातं, त्या गावाला भुंगेराही फुकट प्रवास करतो. आता सुबाभळीचंच घ्या. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेनं, मणिभाई देसाईंच्या पुढाकारानं, १९७०च्या दशकात ती महाराष्ट्रात चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी प्रसिद्धीला आणली. झाडं आपल्याकडे रुजली. पुढे तिच्या मूळ गावचा एक पिटुकला भुंगेराही भारतासह आशियातल्या अनेक देशांत सुबाभळीच्या शेंगांमध्ये सापडला. पण दक्षिण आफ्रिकेत उलटंच झालं. तिथे सुबाभूळ तणासारखी माजली, म्हणून १९९९ साली तिथल्या लोकांनी हाच भुंगेरा मुद्दाम आणून सोडला. त्यानं बिया खाव्यात आणि सुबाभळीचा पसारा आवरावा, म्हणून! एकाच्या घरचा चोर, तो दुसऱ्याच्या घरचा राखणदार!

मग हा शत्रू की मित्र?

माझ्या वर्गात यावरही वाद झाला. “मॅडम, जंगलातले सारे भुंगेरे मारून टाका, मग लय झाडं होतील!” एक मुलगा म्हणाला. तुम्हांला काय वाटतं?

एका मोठ्या चिंचेला हजारो चिंचोके लागतात. ते सगळेच रुजले तर? झाडाच्या बुंध्याशी रोपांची नुसती खेचाखेच होईल. ऊन कोणालाच नाही, पाणी कोणालाच नाही. १९७० साली डॅनियल जॅन्झन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक विचार मांडला. बियांवर जगणारे किडे आईझाडाच्या जवळ जास्त असतात, कारण तिथे बिया ढिगानं पडतात. म्हणून आईजवळ पडलेली बी किड्याच्या तोंडी जाते आणि दूर गेलेली बी वाचण्याची शक्यता वाढते. आईझाडाच्या सावलीत मोकळी राहिलेली जागा मग दुसऱ्या जातीच्या झाडांना मिळते. जंगलात नुसती एकाच जातीची गर्दी न होता नाना तऱ्हेची झाडं नांदतात, त्याचं हे एक कारण असावं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यानंतर अनेकांनी अनेक जंगलांत हे तपासून पाहिलं. कुठे ते चांगलं जुळलं, कुठे कमी. पण विचार किती सुंदर आहे!

आता दूर जायचं, तर बीला पाय कुठे आहेत? मग तिला मदत करतात आपले रानातले सोबती. आमच्या ताडोबाच्या जंगलातलं अस्वल बहाव्याच्या शेंगा आवडीनं खातं आणि मैलभर चालून विष्ठेतून बिया टाकतं. वानरं चिंचा तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. गाय, शेळी, हरिण बाभळीच्या शेंगा चघळतात. भुंगेरा पोहोचण्याआधी बी उचलली गेली, तर ती सुटली! म्हणजे भुंगेरा, अस्वल, वानर आणि शेळी हे सगळे मिळून जंगल पेरतात. यांतला कोणीही एक काढून टाकला, तर हिशेब बिघडेल.

आणि भुंगेऱ्यालाही शत्रू आहेत बरं! गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली, मुंगीहूनही बारीक माशी दाण्याच्या आत बसलेल्या अळीला हुडकून काढते आणि तिच्या अंगावर आपलं अंडं घालते. माशीचं पिल्लू अळीला खाऊन मोठं होतं. तेव्हा त्या दाण्याच्या भोकातून भुंगेऱ्याऐवजी माशी निघते. चोराच्या घरी चोर!

म्हणून मी मुलांना सांगितलं, रानातला भुंगेरा रानात राहू द्या. कणगीतला मात्र आपण आवरायचा. कारण कणगीतलं धान्य आणि पेरणीचं बियाणं हे आई-बाबांच्या वर्षभराच्या घामाचं आहे.

आई-बाबांनी वाचावं असं

हा भाग घरी मोठ्यानं वाचून दाखवा. भुंगेरा कणगीत जन्मत नाही. बहुतेक वेळा तो शेतातूनच येतो. धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या, की मादी त्यांवर अंडी घालते. ती अंडी आणि अळ्या मालासोबत घरात येतात. म्हणून साठवणीच्या आधीच काळजी घ्यायची.

कडधान्य कडक उन्हात चांगलं वाळवा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच भरा. जुनं धान्य नव्यात मिसळू नका. रिकाम्या कणगीच्या, ढोलीच्या आणि पोत्यांच्या फटीत जुने किडे लपून बसतात, म्हणून त्या आधी झटकून, ऊन दाखवून घ्या. तूर-हरभरा खाण्यासाठीच ठेवायचा असेल, तर त्याची डाळ भरडून ठेवा. डाळीत या भुंगेऱ्याला अख्ख्या दाण्यासारखं घर मिळत नाही. आपल्या आज्या उगाच का उन्हाळ्यात जात्यावर डाळी करून ठेवायच्या? किलोभर दाण्यांना चमचाभर खाण्याचं तेल चोळून ठेवलं, तर अंडी नीट चिकटत नाहीत आणि घातलेली अंडीही गुदमरतात. डब्यात दाण्यांच्या वर तीन बोटं कोरड्या वाळूचा थर दिला, तर किड्याची ये-जा थांबते. झाकण मात्र घट्ट हवं.

आणि एक कळकळीची विनंती. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा वायू भुंगेऱ्याला मारतो, तसाच माणसालाही मारतो. जिथे माणसं झोपतात त्या खोलीत तर त्या कधीच नकोत. मुलांच्या हाती लागतील अशा तर मुळीच नकोत. पावडर चोळलेलं पेरणीचं बियाणंही वेगळं, खूण करून ठेवा. ते चुकून चुलीवर चढता कामा नये.

करून बघा

काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत अख्खे मूग किंवा चवळी आणि दुसरीत चिंचोके टाका. आधी प्रत्येक दाणा नीट पाहा. पांढरे ठिपके असलेले दाणे किती, ते लिहून ठेवा. तोंडाला पातळ कापड बांधा. रोज एकाच वेळी भोकं मोजा आणि तारीख घालून तक्ता भरा. महिनाभर तरी धीर धरा. बाहेर आलेला किडा सोंडवाला की बिनसोंडीचा, ते भिंगातून बघून त्याचं चित्र काढा. एखाद्या दाण्यातून बारीक माशी निघाली, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच! प्रयोग संपल्यावर दाणे कोंबड्यांना घाला. घरच्या डब्यात परत टाकू नका, नाहीतर आईचा धपाटा तुम्हांला आणि बोलणी मला!

रोपं लावायची असतील, तर चिंचोके आधी पाण्यात टाका. आतून पोकळ झालेले पुष्कळसे तरंगतात, ते काढून टाका. बुडालेले रात्रभर भिजवून पेरा. पण चिंचोका बुडाला म्हणजे तो साबूतच, असं मात्र नाही. लहान अळी आत असेल, तर तोही बुडतो. म्हणून जेवढी रोपं हवीत, त्याच्या दुप्पट-तिप्पट बिया पेरा. आणि बिया गोळा केल्या, की महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका. ती चूक माझी, चिमणीची नव्हे.

त्या वर्षी आम्हांला हवी तेवढी रोपं मिळाली नाहीत. पाण्यात बुडालेल्या चिंचोक्यांमधून जी उगवली, ती कुंपणाशी लावली. चिमणी आता मोठ्या शाळेत गेली आहे. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. कोणावर आळ घ्यायचा असेल, तर आधी बरणी मांडायची!

तुमच्या बरणीत काय निघालं, ते मला पत्रानं नक्की कळवा. तक्ता आणि चित्र पाठवायला विसरू नका. वाट पाहते.

तुमची,
बाई